एकोणीस बाय एकोणीस

आपल्या भाषेने बुद्धिबळाला जरा जास्तच मोठं नाव देऊन ठेवलंय. इंग्रजीतला ‘चेस’ फारसीतल्या ‘शाह’पासून, म्हणजे राजापासून आला. हिंदीतला ‘शतरंज’ हा चतुरंग सेनेचा वंशज. आपण मात्र सगळा फौजफाटा बाजूला ठेवला आणि खेळाला थेट बुद्धीचं बळ म्हणून टाकलं. त्यामुळे ११ मे १९९७ला न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हला सहा डावांच्या सामन्यात हरवलं, ही बातमी मराठीत वाचली की उगाचच जास्त टोचते. बुद्धिबळात माणूस हरला! मग उरलं काय?

उरलं होतं गो.

त्याच वर्षी २९ जुलैला न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख आला. मशीनची खरी परीक्षा घ्यायची असेल तर तिला चीनमधला हा जुना खेळ खेळायला बसवा, असा त्याचा सूर. त्यात प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमधले खगोलभौतिकशास्त्रज्ञ पीट हट यांचं मत होतं. गोमध्ये माणसाला हरवायला कम्प्युटरला शंभर वर्षं लागतील, कदाचित त्याहूनही जास्त, असं ते म्हणाले. हट हे या खेळाचे चाहते. उगाच शेरा मारून जाणाऱ्यांतले नव्हेत. आणि तेव्हाची परिस्थिती पाहिली तर शंभर हा आकडा कुणालाच वेडगळ वाटला नसता.

प्रत्यक्षात १९ वर्षंही लागली नाहीत. गोच्या पटावर उभ्या-आडव्या रेषाही १९च असतात. योगायोग आहे, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

मी गोकडे वळले ती ‘हिकारू नो गो’ या अ‍ॅनिमेमुळे. एका शाळकरी पोराला जुन्या पटात अडकलेलं हजार वर्षांपूर्वीच्या गो-गुरूचं भूत भेटतं आणि पोरगा खेळाच्या नादी लागतो, अशी गोष्ट. ‘डेथ नोट’ ज्यांनी चितारलं त्या ताकेशी ओबातांचीच चित्रं मूळ मांगाला आहेत. माझी स्वतःची पातळी सांगण्यासारखी नाही. रात्री फोनवर अनोळखी लोकांकडून हरते आणि तरी दुसऱ्या दिवशी परत बसते, एवढं पुरे.

तरी एक प्रश्न मला सतावतो. कम्प्युटर गोमध्ये जिंकतो का, याचं उत्तर झालंय. पण कम्प्युटरला गो ‘येतं’ का? मराठीत आपण म्हणतो पोहायला येतं, पुरणपोळी येते, कानडी येतं. या ‘येण्या’त निकालाच्या पलीकडचं काहीतरी असतं. पोळी फाटली तर का फाटली हे ज्याला कळतं त्याला ती येते. हा प्रश्न डोक्यात ठेवून मी या सगळ्या इतिहासात शिरले.

*

नियम आधी सांगते, दोन मिनिटं लागतील.

लाकडी पटावर १९ उभ्या, १९ आडव्या रेषा. मोहरे घरांत नाही, रेषा छेदतात त्या बिंदूंवर ठेवायचे. असे ३६१ बिंदू. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. काळा आधी. एकदा ठेवलेला खडा सरकत नाही. खड्याच्या लगतचे रिकामे बिंदू म्हणजे त्याचा श्वास. हा शब्द माझा नाही, चिनी लोक त्याला ‘ची’, म्हणजे श्वासच म्हणतात. सगळे श्वास कोंडले की खडा उचलला जातो. पण मारामारी हा खेळाचा हेतू नव्हे, हेतू आहे जागा राखणं. शेवटी ज्याच्या कुंपणाआड जास्त जागा तो जिंकला. खड्यांच्या जथ्याच्या पोटात दोन वेगळी भोकं राहिली तर तो जथा मरत नाही. त्या भोकांना डोळे म्हणतात.

एक नियम मात्र जरा गमतीचा आहे. कधीकधी दोघं एकमेकांचा एकेक खडा आळीपाळीने मारत राहू शकतात, अनंत काळ. म्हणून लगेच परत मारायला बंदी आहे. मध्ये दुसरीकडे एक खेळी करावी लागते. या प्रसंगाला जपानीत ‘को’ म्हणतात. हा शब्द ज्या चिनी अक्षराने लिहितात, त्याच अक्षराने बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनी आपला संस्कृत ‘कल्प’ लिहिला होता. युगांचं युग, तो कल्प. पटाच्या एका कोपऱ्यात दोन खडे अडून बसतात आणि तिथे ब्रह्मदेवाचा दिवस सुरू होतो.

बस, एवढेच नियम. पण त्यातून जे निघतं त्याला अंत नाही. पटावर नियमाने शक्य असलेल्या मांडण्या किती, हा आकडा जॉन ट्रॉम्प यांनी २०१६च्या जानेवारीत अचूक काढला. तो १७१ अंकी आहे. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज साधारण ८० अंकांपाशी थांबतो.

हा आकडा प्रत्येक लेखात येतो म्हणून मीही दिला, पण खरं कारण ते नव्हे असं मला वाटतं. बुद्धिबळातल्या मांडण्याही कुठलंच मशीन मोजून संपवू शकत नाही. फरक दुसरीकडे आहे. बुद्धिबळात डाव अर्ध्यावर थांबवला तरी कोण पुढे आहे याचा ढोबळ हिशेब करता येतो. वजीर नऊ गुणांचा, हत्ती पाच, प्यादं एक. डीप ब्लू असा हिशेब बराच सुधारून घेऊन सेकंदाला २० कोटी मांडण्या तपासायचा. गोमध्ये सगळे खडे सारखे. एका खड्याची किंमत तो कुठे आहे, आजूबाजूला कोण आहे आणि अजून चाळीस खेळ्यांनी तिथे काय होणार आहे यावर ठरते. मेलेल्या दिसणाऱ्या खड्यांतही जीव उरलेला असतो. जपानी खेळाडू त्याला ‘अजी’ म्हणतात (आपली आजी नव्हे). शब्दशः अर्थ चव. घास गिळल्यावर जिभेवर रेंगाळते ती. आता चव मोजणारा प्रोग्राम कसा लिहायचा, सांगा!

*

जपानमध्ये गो ही सरकारी इतमामाची गोष्ट होती. तोकुगावा शोगुनांनी १६१२मध्ये खेळाडूंना तनखे सुरू केले. होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी अशी चार घराणी होती. अगदी आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखी. गुरूने शिष्याला दत्तक घ्यायचं, नाव पुढे चालवायचं. वर्षातून एकदा शोगुनच्या किल्ल्यात डाव होत.

या काळातली एक गोष्ट प्रत्येक गो खेळणाऱ्याला माहीत असते. १८४६ साल. ओसाका. सतरा वर्षांचा शुसाकु आणि त्याच्यासमोर इनोउए घराण्याचा प्रमुख, मुरलेला गेन्नान इन्सेकी. गेन्नान पुढे होता. बघ्यांमध्ये एक वैद्य होता, त्याला खेळातलं फारसं कळत नव्हतं. शुसाकुने १२७वी खेळी केली, पटाच्या जवळपास मध्यावर. वैद्य म्हणाला, गेन्नान हरणार. कसं कळलं? तर खेळी पाहून गेन्नानचे कान लाल झाले. शुसाकु दोन गुणांनी जिंकला आणि तो डाव ‘कान लाल करणारा डाव’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे किल्ल्यातल्या डावांत शुसाकु एकदाही हरला नाही. १९ डाव, १९ विजय. (पुन्हा १९!) १८६२च्या कॉलऱ्याच्या साथीत आजाऱ्यांची शुश्रूषा करताना तो गेला. वय ३३. हिकारूच्या गोष्टीतलं भूत आधी याच शुसाकुच्या अंगात होतं, असं त्या मांगात दाखवलंय.

लाल झालेले कान लक्षात ठेवा, त्यांची पुढे आठवण येणार आहे.

*

कम्प्युटर आणि गो यांची गाठ ज्या माणसांनी घातली त्यांत एक नाव आय. जे. गुड. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्यांपैकी हा एक गणिती. गो तो शिकला ते चक्क अ‍ॅलन ट्युरिंगकडून. १९६५मध्ये त्याने न्यू सायंटिस्टमध्ये या खेळावर लेख लिहिला. कम्प्युटरला गो शिकवायचं तर एकतर चांगल्या खेळाची तत्त्वं नीट सूत्रांत बांधावी लागतील, नाहीतर स्वतःच शिकणारा प्रोग्राम लिहावा लागेल, असं त्यात म्हटलं होतं. पुढची पन्नास वर्षं या दोन वाटांची गोष्ट आहे. पहिली वाट आधी चाचपून झाली, कारण दुसरीचं कुणाला काही सुचत नव्हतं.

पूर्ण डाव खेळणारा पहिला प्रोग्राम अल्बर्ट झोब्रिस्टने १९६८मध्ये लिहिला. त्याची युक्ती गोड आहे. प्रत्येक काळ्या खड्याला अधिक ५०, पांढऱ्याला उणे ५०. मग हे आकडे शेजारच्या बिंदूंवर थोडे थोडे झिरपू द्यायचे, चार वेळा. जिथे बेरीज अधिक येते तो मुलूख काळ्याचा. शाई टीपकागदावर पसरते तसा खड्यांचा प्रभाव पटावर पसरतो, ही माणसाच्या नजरेची नक्कल. प्रोग्राम अगदी नवशिक्याला हरवू शकला, तेवढंच.

त्यानंतरची तीस वर्षं मला सगळ्यात आवडतात, कारण त्यात हट्टी, एकांड्या माणसांची गर्दी आहे. तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांनी गोवर पैसा उधळला. २०००पर्यंत जो प्रोग्राम माणसाच्या तोडीचा खेळेल त्याला चार कोटी तैवानी डॉलर, असं सर्वांत मोठं बक्षीस त्यांनी ठेवलं. ग्वांगझूचे चेन झिशिंग हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर ते प्रोग्रामिंगमध्ये उतरले आणि त्यांच्या ‘हँडटॉक’ने नव्वदच्या दशकात जगभरच्या प्रोग्रामना हरवलं. तरीही माणसापुढे यांची अवस्था काय होती? १९९८मध्ये मार्टिन म्युलर या हौशी खेळाडूने ‘मेनी फेसेस ऑफ गो’ या तेव्हाच्या अव्वल प्रोग्रामला २९ खडे आधीच पटावर मांडू दिले आणि तरी तो जिंकला. म्युलर स्वतः कम्प्युटर गोचा संशोधक, त्यामुळे कुठे चिमटा काढायचा हे त्याला ठाऊक होतं. पण २९! समोरच्याला पहिल्या दहा ओव्हर बिनबोलरच्या खेळू द्याव्यात, तसं हे.

इंगसाहेब १९९७मध्ये वारले. २००० उजाडलं, बक्षिसाची मुदत संपली, पैसे कुणालाच मिळाले नाहीत.

*

कोंडी फुटली ती खेळाचं ज्ञान जवळजवळ फेकून दिल्यावर.

बेर्न्ड ब्रूगमान या भौतिकशास्त्रज्ञाने १९९३मध्ये एक विचित्र कल्पना मांडली होती. खेळी चांगली की वाईट हे ठरवता येत नाही ना? मग ठरवूच नका. ती खेळी करा आणि तिथून पुढचा डाव डोळे मिटून, वाटेल तसे खडे टाकत, शेवटपर्यंत खेळा. असं हजारो वेळा करा. ज्या खेळीनंतर जास्त वेळा जिंकलात ती चांगली. एक्झिट पोलसारखं आहे हे: एका मतदाराला राजकारणातलं काही कळत नसेल, पण पुरेशा लोकांना विचारलं की कल दिसतो. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. २००६मध्ये फ्रान्सच्या रेमी कुलोमने ही कल्पना नीट बांधली. ज्या फांद्या आशादायक दिसतात तिकडे जास्त डाव खेळून पाहायचे. मोंटे कार्लो ट्री सर्च हे नाव त्याचंच. त्याच वर्षी कोचिश आणि सेपेश्वारी या हंगेरियन संशोधकांनी फांद्या निवडायचं चोख गणित दिलं.

मग गाडी पळू लागली. २००८मध्ये ‘मोगो’ने ८०० कोरच्या सुपरकम्प्युटरवर बसून किम म्युंगवान या व्यावसायिक खेळाडूला नऊ खड्यांच्या सवलतीने हरवलं. २०१३मध्ये कुलोमच्या ‘क्रेझी स्टोन’ने चार खड्यांची सवलत घेऊन इशिदा योशियोंना हरवलं. हे इशिदा सत्तरच्या दशकातले दिग्गज. गुण मोजण्यात इतके अचूक की त्यांचं टोपणनाव होतं ‘कम्प्युटर’. म्हणजे कम्प्युटर कम्प्युटरकडून हरला.

तरीही सवलतीशिवाय? २०१४मध्ये कुलोमला विचारलं तेव्हा तो म्हणाला, कदाचित दहा वर्षं, पण मला भाकितं करायला आवडत नाही. जगात याहून जाणकार माणूस तेव्हा नव्हता. त्याचाही अंदाज आठ वर्षांनी चुकला.

*

लंडनच्या डीपमाइंड या कंपनीने गुडची दुसरी वाट धरली होती. डेमिस हसाबिसने इतर दोघांबरोबर २०१०मध्ये ती काढली, २०१४मध्ये गूगलने विकत घेतली. गोच्या कामाचा म्होरक्या डेव्हिड सिल्व्हर, त्याची पीएचडीच कम्प्युटर गोवर. त्याच्याबरोबर तैवानचा आजा ह्वांग, स्वतः सहा दानचा हौशी खेळाडू.

अल्फागोचं शिक्षण असं झालं. आधी इंटरनेटवर खेळले गेलेले मजबूत हौशी खेळाडूंचे डाव घेतले, त्यातल्या सुमारे तीन कोटी मांडण्या. प्रत्येक मांडणी दाखवून न्यूरल नेटवर्कला विचारायचं, इथे माणूस कुठे खेळेल? चुकलं की आतले आकडे जरासे हलवायचे. असं करत करत ते ५७ टक्के वेळा माणसाची खेळी ओळखू लागलं. ‘आकार’ किंवा ‘चव’ म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही. मग त्याला स्वतःच्याच जुन्या आवृत्त्यांशी खेळायला सोडलं. त्या डावांवरून दुसरं नेटवर्क शिकवलं, जे पट पाहून फक्त सांगतं की जिंकायची शक्यता किती. झोब्रिस्टपासून सगळे जे शोधत होते ते हेच. कुलोमची फांद्यांची पद्धत सोबतीला होतीच.

२०१५च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचा विजेता फान हुई बंद दाराआड अल्फागोकडून ५-०ने हरला. बातमी २०१६च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये शोधनिबंधासकट फुटली. गोच्या जगाने ते डाव पाहिले आणि म्हटलं, ठीक आहे, पण फान हुई म्हणजे ली सेडोल नव्हे.

ली सेडोल १९८३मध्ये दक्षिण कोरियाच्या एका छोट्या बेटावर जन्मला. खेळ वडिलांनी शिकवला. बाराव्या वर्षी व्यावसायिक झाला. १८ आंतरराष्ट्रीय किताब. खेळायची पद्धत दांडगी, अंगावर घेणारी. दहा लाख डॉलरच्या सामन्याआधी तो म्हणाला, मी ५-० किंवा ४-१ने जिंकेन. ही फुशारकी नव्हती. फान हुईबरोबरचे डाव पाहून बहुतेक जाणकारांचं हेच मत होतं.

९ मार्च २०१६, सोल, फोर सीझन्स हॉटेल. पहिला डाव ली हरला.

१० मार्च, दुसरा डाव. ली सिगरेट ओढायला बाहेर गेला असताना अल्फागोने ३७वी खेळी केली. गोमध्ये शतकानुशतकं घोटलेली समजूत आहे की काठापासून तिसरी रेषा जागेसाठी आणि चौथी रेषा मध्यावर वचक ठेवण्यासाठी. चौथ्या रेषेवरच्या खड्याला पाचव्या रेषेवरून खांदा मारायचा म्हणजे समोरच्याला चौथ्या रेषेखालची सगळी जागा आंदण द्यायची. कुणीही शिक्षक विद्यार्थ्याला हटकेल. अल्फागोने नेमकं तेच केलं. इंग्रजी समालोचन करणाऱ्या मायकल रेडमंडने खडा मोठ्या पटावर लावला, परत काढला, पुन्हा तपासून लावला. सहसमालोचकाला वाटलं, क्लिक चुकलं असणार. ली परत आला, पटाकडे पाहिलं आणि दहा मिनिटांहून जास्त वेळ नुसता पाहत राहिला. माणसाने ही खेळी करण्याची शक्यता किती, हे अल्फागोच्या नेटवर्कने स्वतःच मोजलं होतं: दहा हजारांत एक. तरी ती केली, कारण स्वतःशी खेळून त्याने काढलेला हिशेब वेगळं सांगत होता. पन्नास-एक खेळ्यांनंतर तो खडा बरोबर तिथे होता जिथे असायला हवा होता.

इथे मला ओसाकाचा वैद्य आठवतो. लीच्या समोर आजा ह्वांग बसलेला होता, स्क्रीनवर दिसेल त्या बिंदूवर खडा ठेवणारा. चेहरा कोरा, मुद्दाम कोरा. ली आयुष्यभर समोरच्याचा श्वास, बसण्याची ढब, खडा आपटण्याचा आवाज वाचत आला होता. इथे वाचायला कानच नव्हते. सामन्यावर ‘अल्फागो’ हा माहितीपट आहे. त्यात ली अधूनमधून ह्वांगकडे पाहतो. सवयीने. मग नजर खाली वळवतो. मला तो माहितीपट सलग पाहवला नाही.

तिसरा डावही गेला, सामना गेला. लीने पत्रकारांपुढे माफी मागितली. हरलाय तो ली सेडोल, माणूसजात नाही, अशा अर्थाचं तो बोलला.

१३ मार्चला चौथा डाव. गमावण्यासारखं काही नव्हतं. अल्फागोच्या ताब्यात मोठा मध्य जाणार असं दिसत असताना लीने बराच वेळ विचार करून ७८वी खेळी केली, दोन काळ्या खड्यांच्या मधोमध पाचर मारल्यासारखी. चीनमध्ये समालोचन करणारा गू ली त्याला देवाचा हात म्हणाला. हिकारूमधलं भूत ज्या ‘दैवी खेळी’च्या शोधात हजार वर्षं भटकतं, तोच शब्दप्रयोग. योगायोग असा की ही खेळीसुद्धा अल्फागोच्या लेखी दहा हजारांत एक होती, म्हणून त्याने त्या फांदीकडे नीट पाहिलंच नव्हतं. ७९व्या खेळीला ते चुकलं, आणि चुकलंय हे त्याला कळलं सुमारे ८७व्या खेळीला. तोपर्यंत आपण ७० टक्के जिंकतोय असंच त्याला वाटत होतं. मग ते वेड्यासारखं खेळू लागलं, नवशिक्यालाही हसू येईल अशा खेळ्या. शेवटी स्क्रीनवर छोटी चौकट उघडली: अल्फागो डाव सोडत आहे.

नंतरच्या विश्लेषणात दिसलं की काळ्याने अचूक उत्तर दिलं असतं तर ७८वी खेळी फसली असती. मला त्याने काही फरक पडत नाही. शुसाकुच्या १२७व्या खेळीचंही आता मशीनकडून ऑडिट करता येईल. त्या क्षणी, त्या प्रतिस्पर्ध्यापुढे ती चालली.

आणि त्यानंतर लीने जे मागितलं ते मला ७८व्या खेळीहून मोठं वाटतं. चौथा डाव तो पांढऱ्या खड्यांनी जिंकला होता. अल्फागो पांढऱ्याने खेळताना जास्त बलवान आहे असं दिसत होतं. लीने विनंती केली की शेवटच्या डावात मला काळे द्या, काळ्याने जिंकलो तर त्याला जास्त किंमत आहे. पाचवा डाव तो चुरशीने हरला.

*

पुढचं भराभर सांगते. २०१६चं वर्ष सरता सरता ‘मास्टर’ नावाचा एक अनामिक खेळाडू इंटरनेटवर उगवला आणि जगातल्या अव्वल खेळाडूंविरुद्ध ६० डाव जिंकून गेला. ते अल्फागोच होतं. २०१७च्या मेमध्ये चीनच्या वूझेनला तेव्हाचा अव्वल खेळाडू, १९ वर्षांचा क ज्ये, ३-०ने हरला. चीनने थेट प्रक्षेपण होऊ दिलं नाही. ऑक्टोबरमध्ये अल्फागो झीरो आलं. याला माणसाचा एकही डाव दाखवला नव्हता, फक्त नियम. तीन दिवस स्वतःशी खेळून त्याने लीला हरवणाऱ्या आवृत्तीला १००-०ने हरवलं. त्या तीन दिवसांत म्हणे त्याने माणसांनी शतकं लावून शोधलेल्या कितीतरी कोपऱ्यातल्या चाली स्वतः शोधल्या, आणि त्यातल्या काही नंतर टाकूनही दिल्या.

मग माणसं खेळायची थांबली का? नाही. उलट २०२३मध्ये एक अभ्यास आला, १९५० ते २०२१ या काळातल्या व्यावसायिक डावांमधल्या ५८ लाख खेळ्यांवरचा. कित्येक दशकं माणसांच्या खेळाचा दर्जा जवळपास सपाट होता. अल्फागोनंतर तो चढला, आणि आधी न दिसलेल्या खेळ्याही वाढल्या. डावाच्या सुरुवातीलाच समोरच्याच्या कोपऱ्यात ‘तीन-तीन’ बिंदूवर घुसणं पूर्वी अडाणीपणाचं लक्षण होतं. आता सगळे घुसतात. ‘काटागो’सारखा प्रोग्राम फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो आणि जगज्जेत्याला सहज हरवतो. दक्षिण कोरियाच्या शिन जिनसोची खेळी मशीनशी इतकी जुळते की त्याच्या आडनावावर आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या कोरियन शब्दावर कोटी करून लोकांनी त्याला टोपणनाव दिलंय. इशिदा ‘कम्प्युटर’ होते ते अचूक मोजायचे म्हणून. शिन आहे तो अनाकलनीय खेळतो म्हणून. पन्नास वर्षांत शिवाय कौतुकाचा अर्थच पालटला.

आता ‘येण्या’कडे वळते.

२०२२मध्ये काही संशोधकांनी काटागोला हरवण्यासाठी दुसरा प्रोग्राम तयार केला. हा दुसरा प्रोग्राम गोमध्ये इतका कच्चा की साधा हौशी खेळाडूही त्याला लोळवेल. पण काटागोला तो हरवायचा. कसं, ते पाहून केलिन पेलरिन हा हौशी खेळाडू ती युक्ती हाताने शिकला आणि २०२३च्या सुरुवातीला १५पैकी १४ डाव जिंकला. युक्ती अशी: आपला एक छोटा जथा काटागोला घेरू द्यायचा. तो घेर म्हणजे खड्यांचं एक कडं होतं. मग दुसरीकडे कोपऱ्यांत खेळून लक्ष वळवत वळवत त्या कड्याभोवती बाहेरून हळूहळू दुसरा वेढा घालायचा. काटागोला आपलं कडं मरतंय हे शेवटचे एक-दोन श्वास उरेपर्यंत दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

महिनाभर खेळलेल्या पोरालाही हे दिसतं. श्वास मोजायचे, एवढंच तर आहे; खेळाचा अगदी पहिला धडा. जे मशीन मला न दिसणाऱ्या साठ खेळ्या पुढचं पाहतं, त्याला गोल कड्याचे श्वास मोजता येत नाहीत. कदाचित ‘श्वास’ ही कल्पना त्याला माणसासारखी कळलीच नव्हती. कोट्यवधी डावांत जे पडत गेलं त्यावरून त्याचा अंदाज तयार झाला, आणि अशी कडी त्या डावांत फारशी पडली नव्हती. मग काटागोला असे डाव दाखवून शिकवलं. २०२४मध्ये संशोधकांनी बचावाचे तीन वेगवेगळे उपाय तपासले. तिन्ही भेदता आले.

यावरून काहीजण म्हणतात, बघा, मशीनला काही कळत नाही. मी तेवढ्या घाईने म्हणणार नाही. माणसांनीही पाचव्या रेषेवरच्या खांद्याकडे शतकानुशतकं पाहिलं नव्हतं, आणि आपल्याला तर सगळा श्वास कळत होता. पण गो मशीनला ‘येतं’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोळी फाटली तर का फाटली, हे त्याला अजून सांगता येत नाही.

ली सेडोल २०१९च्या नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाला, वय ३६. पहिला क्रमांक मिळवला तरी ज्याला हरवता येणार नाही असं काहीतरी आता वर बसलंय, असं कारण त्याने दिलं. नंतरच्या मुलाखतींत तो म्हणाला की मी गो शिकलो ते दोघांनी मिळून घडवायची कला म्हणून. उत्तरपत्रिका आधीच छापून आली तर ती कला उरत नाही, अशा अर्थाचं.

अलीकडे तो बोर्ड गेम तयार करतो. त्यातला एक ‘ग्रेट किंगडम’, गोवरूनच सुचलेला. पट लहान आहे, नऊ बाय नऊ. मधोमध कुणाचाच नसलेला एक मोहरा, आणि समोरच्याचा एक जरी मोहरा कोंडला तरी डाव तिथेच संपतो. मी तो मागवलाय. दुसऱ्या बाजूला कोणाला बसवायचं ते ठरायचंय.